ताण, तणाव आणि ओढाताण: गेज चिकटवणाऱ्याचं उत्तर

प्रश्न असा आला आहे: "काका, मी पुण्यात मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सर म्हणाले, स्ट्रेस आणि स्ट्रेन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि स्ट्रेनला एकक नसतं. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी बाबांना सांगितलं की बीपी वाढलंय, ताण घेऊ नका. बाबा भोसरीला एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. मराठीत सगळ्यालाच ताण म्हणतात. मग यातला कुठला ताण कुठला? आणि एकक नाही तर मोजायचा कसा?"

मोजण्यापासून सुरुवात करतो, कारण माझं पोट त्यावरच चालतं. भोसरी, चिंचवड, चाकण या पट्ट्यात 31 वर्षं मी यंत्रांच्या भागांवर स्ट्रेन गेज, म्हणजे स्ट्रेन मोजणाऱ्या नखाएवढ्या पट्ट्या, चिकटवतो आहे.

आधी परीक्षेपुरतं. छताला एक सळई टांगलीस, खाली वजन अडकवलंस. वजन बाहेरचं, त्याला लोड म्हण. सळईच्या आत दर चौरस मिलिमीटरच्या वाट्याला जेवढं बल आलं तो स्ट्रेस. आणि सळई आपल्या मूळ लांबीच्या मानाने जेवढी लांबली तो स्ट्रेन. लांबीला लांबीने भागलं की एकक उडून जातं, तुझ्या सरांचं म्हणणं एवढंच. मराठी पुस्तकांत स्ट्रेसला प्रतिबल आणि स्ट्रेनला विकृती म्हणतात. हा दुसरा शब्द फळ्यावर आला की मागच्या बाकांवर खसखस पिकते, आमच्या वेळीही पिकायची. पण शब्द चोख आहे. मूळची आकृती बदलली, इतकंच तो सांगतो. कोणाला नावं ठेवत नाही.

बदल किती बारीक असतो ते बघ. आम्ही मायक्रोस्ट्रेनमध्ये बोलतो, म्हणजे दहा लाखात एक भाग. पुण्यापासून मुंबईपर्यंत, धर 150 किलोमीटर, एकच अखंड सळई टाकली आणि ती एक मायक्रोस्ट्रेनने ताणली, तर ती 15 सेंटीमीटर वाढेल. वीतभरसुद्धा नाही. साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, ज्याची यील्ड, म्हणजे कायमचं लांबायच्या आधीची स्ट्रेसची मर्यादा, 250 मेगापास्कल धरतात, ते साधारण 1250 मायक्रोस्ट्रेनपर्यंत ताणलं तरी सोडल्यावर मूळ जागी येतं. म्हणजे मीटरभर सळईला सव्वा मिलिमीटर. त्यापुढे गेलं की ते परत येत नाही. काँक्रीट तर खेचायला लागलं की शंभर-दीडशे मायक्रोस्ट्रेनलाच तडकतं, म्हणून तर त्यात सळया घालाव्या लागतात.

हे पकडायला 1938 मध्ये अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी, एकमेकांशी संबंध नसताना, एकच युक्ती काढली. बारीक तार लांबली की तिचा विद्युतरोध वाढतो, हे लॉर्ड केल्विनने 1856 मध्येच दाखवलं होतं. ती तार वस्तूला घट्ट चिकटवून टाकायची. वस्तू लांबली की तारही लांबते. आज तारेऐवजी नखाएवढ्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर धातूची नागमोडी पट्टी असते. 350 ओहमचा गेज 1000 मायक्रोस्ट्रेन ताणला तर रोध 0.7 ओहमने बदलतो. हा फरक पकडायला व्हीटस्टन ब्रिज नावाचं सर्किट लागतं, जे तू प्रॅक्टिकलला कंटाळत करत असशील.

चिकटवणं हे मात्र हाताचं काम. आधी रंग काढायचा, मग पॉलिश पेपरने घासायचं, मग ॲसिटोनचा बोळा एकाच दिशेने फिरवायचा. पुढे-मागे फिरवलास तर काढलेली घाण पुन्हा तिथेच. बोळा पांढरा निघेपर्यंत हे चालतं. गेज पारदर्शक टेपवर उचलायचा, खुणेवर बसवायचा, गोंदाचा एक थेंब आणि वर अंगठा. पूर्ण एक मिनिट अंगठा हलवायचा नाही. गोंद घट्ट होताना अंगठ्याखाली थोडी ऊब येते. नवीन पोरं तिसाव्या सेकंदाला अंगठा उचलून बघतात चिकटला का; तो गेज फुकट गेला समजायचं.

एवढं सांगितलं कारण माझी सगळ्यात मोठी चूक चिकटवण्यातली नव्हती, जागेतली होती. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका कारखान्याच्या ट्रेलरचा ब्रॅकेट माझ्याकडे आला. मी गेज लावला पट्टीच्या मधोमध, सपाट जागी, जिथे हात सहज पोचत होता. रीडिंग आलं 280 मायक्रोस्ट्रेन. काहीच नाही! रिपोर्टवर सही करून मोकळा झालो. दोन महिन्यांत ब्रॅकेट वेल्डच्या कडेने तडकून परत आले, एक नाही, रांगच लागली. मग त्या वेल्डच्या अगदी काठाला छोटा गेज लावला, भार तोच ठेवला. आकडा 1100 च्या पुढे. दोन पट्ट्या जिथे जोडल्या होत्या, जिथे आकार एकदम बदलत होता, तिथे सगळा ताण गोळा होत होता आणि मी मधोमध उभा राहून सगळं आलबेल म्हणत होतो.

हे आकाराच्या वळणाचं प्रकरण आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणावर दिसलंय. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात 103 मीटर उंचीच्या कोयना धरणाला भेगा गेल्या. त्या तळाला नव्हत्या, जिथे पाण्याचा दाब सर्वांत जास्त असतो. धरणाच्या पाण्याविरुद्धच्या बाजूचा उतार वर जाताना जिथे एकदम बदलतो, त्या पातळीला त्या होत्या. नंतर धरण बळकट केलं गेलं आणि आजही ते उभं आहे.

आता बाबांच्या बीपीकडे येऊ. मी डॉक्टर नाही; गोळ्या आणि तपासण्या डॉक्टर सांगतील तशाच. पण 'ताण' हा शब्द डॉक्टरांकडे गेला कसा, ते तुला ठाऊक हवं.

1678 मध्ये रॉबर्ट हूकने स्प्रिंगचा नियम लॅटिनमध्ये मांडला: 'उत टेन्सिओ, सिक विस', म्हणजे जितकं लांबणं तितकं बल. त्यातलं 'टेन्सिओ' आणि आपलं 'ताण' ही एकाच जुन्या धातूची पोरं आहेत. संस्कृतात तन् म्हणजे पसरणं, लांबवणं, त्यातूनच तंतू आणि गवयाची तान. स्ट्रेस वेगळा आणि स्ट्रेन वेगळा, अशी काटेकोर वाटणी पुढे एकोणिसाव्या शतकात झाली, ती करणारा रँकिन नावाचा स्कॉटिश इंजिनिअर. मग 1936 मध्ये हॅन्स सेल्ये या मूळच्या हंगेरियन, पण कॅनडात मॉन्ट्रियलला काम करणाऱ्या शास्त्रज्ञाने उंदरांवर प्रयोग केले. थंडी, जखम, अतिश्रम, विषारी द्रव्य, काहीही असो, शरीर ठरावीक तऱ्हेनेच उत्तर देतं असं त्याला दिसलं: आधी खळबळ, मग तग धरणं, मग गळून जाणं. या उत्तराला त्याने पुढे नाव दिलं स्ट्रेस. गंमत अशी की शरीरात झालेला बदल हा तुझ्या सरांच्या भाषेत स्ट्रेन. सेल्येनेही नंतर कबूल केलं की आपलं इंग्रजी आणखी चांगलं असतं तर आपण स्ट्रेन हाच शब्द घेतला असता. म्हणजे घोळ मराठीत सुरू झालेला नाही. आपल्याला तो आयता मिळाला.

तेव्हा डॉक्टर 'ताण घेऊ नका' म्हणतात तेव्हा त्यांना लोड म्हणायचं असतं आणि 'तुम्हाला ताण आलाय' म्हणतात तेव्हा स्ट्रेन. पहिलं वाक्य ऐकून बाबा काय म्हणाले असतील ते मी न विचारता सांगतो: "मी कुठे घेतो, वरून येतो."

याच वाक्यावर थांबायला हवं. इथे तुझ्या अभ्यासक्रमातली एक गोष्ट आहे जी बहुतेक मुलं गुणांपुरती पाठ करतात. स्ट्रेन असून स्ट्रेस नसेल असं होऊ शकतं का? हो. मोकळी सळई उन्हात ठेव. अंशाला साधारण 12 मायक्रोस्ट्रेन या हिशेबाने 30 अंश तापली की 360 मायक्रोस्ट्रेन लांबते आणि आत स्ट्रेस शून्य. आता तीच सळई दोन्ही टोकांनी पक्की आवळ आणि तापव. लांबी तसूभर बदलत नाही आणि आत 70 मेगापास्कलच्या वर दाब साठतो. बघणाऱ्याला काही दिसत नाही. रेल्वेचे हल्लीचे लांबच लांब जोडलेले रूळ असेच असतात, पूर्वीसारख्या फटी त्यात नसतात. मीटरला 60 किलो वजनाचा रूळ ज्या तापमानाला बसवला त्याच्यावर 30 अंश तापला, तर त्या एका रुळात 50 टनांहून जास्त बल अडकून बसतं. खडी आणि स्लीपर त्याला धरून ठेवतात म्हणून गाडी सुखरूप जाते. खडी कमी पडली की रूळ एका क्षणात बाजूला वाकतो, म्हणून उन्हाळ्यात गँगमन तिथे डोळ्यांत तेल घालून फिरत असतात.

वर्तमानपत्रात 'शहरात तणावपूर्ण शांतता' असं छापून येतं ना, त्याची लोक टिंगल करतात. माझ्या मते मराठी बातमीदारांनी वापरलेला हा सगळ्यात शास्त्रशुद्ध शब्दप्रयोग आहे. काही हलत नाही, दुकानं बंद, चौकात पोलीस, आणि आत बल ठासून भरलेलं. अगदी त्या रुळासारखं. त्याउलट 'पाणीपुरवठ्यावर ताण' या मथळ्यात ताण म्हणजे निव्वळ लोड. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं आली, हा लोड. तिसऱ्या मजल्यावर नळाला धार येत नाही आणि सोसायटीच्या दारात टँकर उभा राहतो, हा स्ट्रेन. आणि घरातल्या पैशाच्या ताणाला आपल्याकडे फार अचूक शब्द आहे: ओढाताण. दोन बाजूंनी ओढ असल्याशिवाय ताण येत नाही, हे न्यूटन न वाचता आजीला ठाऊक होतं.

तर बाबांची नोकरी. रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकन संशोधकाने 1979 मध्ये कामाच्या ताणाचं एक गणित मांडलं, आणि त्याने शब्द वापरला जॉब स्ट्रेन. त्याचं म्हणणं असं, की नुसता कामाचा रेटा माणसाला खात नाही. रेटा भरपूर आणि ते काम कसं, कधी, कुठल्या क्रमाने करायचं हे ठरवायची मुभा मात्र नाही, ही जोडी खाते. रेटा भरपूर पण मुभाही असेल तर माणूस त्या कामात शिकतो, वाढतो. इंग्लंडमध्ये 1967 पासून सरकारी कचेऱ्यांतल्या हजारो कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. तिला व्हाइटहॉलची पाहणी म्हणतात. त्यात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्या साहेबांपेक्षा खालच्या पायरीवरच्यांत जास्त निघालं. सिगरेट, कोलेस्टेरॉल वगैरे धरूनही सगळा फरक उलगडत नव्हता. याच धर्तीवर पुढे झालेल्या दुसऱ्या पाहणीत, कामावर स्वतःचा ताबा कमी असणं हे त्याचं एक कारण म्हणून पुढे आलं.

बाबांची नोकरी ही दोन्ही टोकं आवळलेली सळई आहे. शिफ्टचा आकडा वरून ठरलेला, माणसं ठेकेदाराने पाठवलेली, मशीन बंद पडलं तर मेंटेनन्स वेगळ्या साहेबाकडे, आणि उत्पादन कमी भरलं तर विचारणा मात्र सुपरवायझरला. तापमान वाढत राहतं आणि लांबायला जागा नाही. शिवाय सुपरवायझर बसलेला असतो नेमका त्या वेल्डच्या काठावर: वर ऑफिस, खाली शॉप फ्लोअर, दोन वेगळे आकार जिथे जोडले तिथे. कंपन्या हल्ली कर्मचाऱ्यांच्या समाधानाची पाहणी करतात आणि सरासरी छान येते. येणारच. गेज मधोमध लावलाय.

हृदयाकडे आलोच आहोत तर एक गोष्ट सांगतो, मला कळली तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. दोन वर्षांपूर्वी माझाच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला गेलो. रिपोर्टवर ओळ होती: ग्लोबल लॉन्जिट्युडिनल स्ट्रेन, आणि पुढे उणे 19 टक्के. मी घाबरलो नाही, चक्रावलो. हा माझा स्ट्रेन! दर ठोक्याला हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत लांबीत किती आखडते, त्याला मूळ लांबीने भागायचं. सूत्र अगदी तुझ्या पुस्तकातलं. आखडतं म्हणून उणे. निरोगी माणसात हे साधारण उणे 20 टक्क्यांच्या आसपास असतं. पोलाद अष्टमांश टक्क्याला हात टेकतं आणि हा स्नायू वीस टक्के आखडतो नि सैलावतो, दिवसाला सुमारे एक लाख वेळा. इथे स्ट्रेन जास्त म्हणजे तब्येत चांगली. आकडा शून्याकडे सरकला की डॉक्टर काळजीत. त्याउलट ईसीजीवर 'स्ट्रेन पॅटर्न' छापून आलं तर त्याचा अर्थ वेगळा: तो कप्पा जास्त दाबाविरुद्ध काम करून जाड झाला असण्याची ती खूण. एकाच हृदयाच्या दोन कागदांवर एकच शब्द, अर्थ उलटे. तेव्हा बाबांच्या फाइलमध्ये हा शब्द दिसला तर स्वतः अर्थ लावू नकोस, डॉक्टरांना विचार.

हाडामासाच्या बाकी ताणांना इंग्रजीत दोन शब्द: स्नायू किंवा त्याची दोरी ताणली-फाटली तर स्ट्रेन, सांध्याचे बंध ताणले तर स्प्रेन. आपल्याकडे पाठीत उसण भरते, मानेत लचक येते, पाय मुरगळतो, कमरेत चमक निघते. आजी कुठे, कसं दुखतंय ते शब्दातच सांगून टाकते.

कोविडच्या काळात ऐकलेला विषाणूचा स्ट्रेन मात्र या घरातला नाही. तो वंश किंवा कूळ या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द, फक्त दिसायला सारखा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत, जी 1952 पासून इथे आहे, तो शब्द रोज वापरत असतील. आपण शेतकऱ्याकडून 'वाण' घ्यावा आणि पुढे जावं.

समाजशास्त्रातही स्ट्रेनचा सिद्धांत आहे, तो 1938 मध्ये रॉबर्ट मर्टनने मांडला. समाज सगळ्यांना एकच ध्येय दाखवतो, पण तिथवर जायच्या वाटा सगळ्यांना सारख्या देत नाही. या दोहोंच्या मधल्या अंतरात ताण निर्माण होतो. मग कोणी मुकाट नियमाने चालत राहतं, कोणी आडवाट शोधतं, कोणी ध्येय विसरून नुसता नित्यक्रम पाळतं, कोणी सगळं सोडून देतं, कोणी बंड करतं. मर्टनपुढे अमेरिका होती. तू सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत संध्याकाळी चालून बघ. गावाकडून आलेली पोरं अभ्यासिकेत बसलेली, मेसचा डबा, कॉट बेसिसवरची खोली, जागा मोजक्या आणि अर्ज लाखांनी. पाचही प्रकारचे लोक एकाच चहाच्या टपरीवर भेटतील. मला त्यातला तिसरा प्रकार जास्त अस्वस्थ करतो: सहावं वर्ष, पास होण्याची आशा संपलेली, पण सकाळी सातला जागा धरायला पोरगा हजर. गावी फोनवर "चालू आहे अभ्यास". आवळलेली सळईच.

राहिला वेळेचा भाग. एकदाच आलेला मोठा भार आणि रोजचा बारीक भार यांत लोक पहिल्याला घाबरतात. प्रशियाच्या, म्हणजे जुन्या जर्मनीतल्या, रेल्वेत ऑगस्ट व्होलर या इंजिनिअरने 1850 आणि 60 च्या दशकांत बघितलं की गाड्यांच्या चाकांचे आस एका दमात सहज पेलतील एवढ्याच भाराखाली तुटतायत, फक्त तो लाखो वेळा फिरून येतो म्हणून. याला आपण फटीग म्हणतो, शीण. त्रास असा, की तडा जाईपर्यंत गेजवरचा आकडा रोज तोच असतो. म्हणून बाबा म्हणतील, "काल जेवढं काम होतं तेवढंच आज आहे," तर ते खरंच असेल आणि तरी ते पुरेसं नाही. आणखी एक प्रकार म्हणजे क्रीप: पुस्तकांची लाकडी फळी, वजन तेच, दहा वर्षांत मधे पोक येतो. आणि त्याचा भाऊ, गॅलरीतली कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी. कितीही कचकून बांध, काही दिवसांत ढिली. खिळे तिथेच, अंतर तेच, पण आतला ताण विरून जातो. काही माणसं नोकरीत अशी होतात. त्यांना ताण नसतो, आणि त्यांच्यावर ओला टॉवेलही टाकता येत नाही.

बाबांना 'ताण घेऊ नका' परत सांगू नकोस, त्यांनी ते पुष्कळदा ऐकलंय. त्याऐवजी विचार की शिफ्टमधली कोणती एक गोष्ट त्यांना स्वतःला ठरवता येईल. माणसं कुठल्या मशीनवर लावायची? जेवायची सुट्टी कधी? आवळलेल्या सळईचं एक टोक दीड मिलिमीटर मोकळं केलं तरी आतला दाब धपकन उतरतो, हे मी पैज लावून सांगतो. माणसाच्या बाबतीत पैज नाही लावणार, पण साहेबाकडे मागायला ही मागणी पगारवाढीपेक्षा सोपी आहे.

तुझ्या तोंडीसाठी घरी करायचा प्रयोग: 30 सेंटीमीटरची स्टीलची पट्टी घे, अर्धा मिलिमीटर जाडीची. दोन्ही टोकांनी दाबून मधला भाग साधारण साडेचार सेंटीमीटर वर येईल एवढी कमान कर. कमानीची त्रिज्या 25 सेंटीमीटरच्या आसपास येते. निम्मी जाडी भागिले त्रिज्या: वरच्या पृष्ठभागावर 1000 मायक्रोस्ट्रेन ताण, खालच्यावर तेवढाच दाब, आणि मधोमध एक थर असा की ज्याला काहीच कळलेलं नाही. सोड, पट्टी सरळ. हेच सरांना करून दाखव.

गेज चिकटवून खरा आकडा बघायचा असेल तर शनिवारी ये. जेवणानंतर लगेच नको, तेव्हा मी ताणून दिलेली असते. चारनंतर ये, आणि ॲसिटोनला हात लावायच्या आधी नखं काप.